तोड ते गव्हाण : वाटेत सांडणारी साखर



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याला दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न ऐकावा लागतो, "साहेब, आमची तोड कधी?" प्रश्न रास्त आहे. बारा ते अठरा महिने ऊस सांभाळलेला माणूस तो विचारणारच. पण त्याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तोड झाल्यापासून तो ऊस गव्हाणीत पडेपर्यंत किती तास गेले? आज आम्ही या तासांचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळसे त्यातच आहे.

तुटलेला ऊस थांबत नाही

बुडात कोयता बसला की उसाला मुळाकडून मिळणारे पाणी बंद होते, पण उसाच्या आतले काम बंद होत नाही. पहिली गोष्ट, पाणी उडून वजन घटू लागते. दुसरी गोष्ट, उसातच असणारे इन्व्हर्टेज नावाचे विकर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करू लागते. हे दोन्ही चवीला गोडच असतात, पण त्यांची दाणेदार साखर होत नाही. ते मळीबरोबर निघून जातात. तिसरी गोष्ट, कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात आणि डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रसाची सफाई अवघड होते आणि साखरेचा दाणा नीट धरत नाही.

ऊन वाढेल तसा हा सगळा वेग वाढतो. थंडीतला एक दिवसाचा शिळा ऊस आणि मार्चच्या उन्हातला एक दिवसाचा शिळा ऊस यांत म्हणूनच फार फरक पडतो. पेटवलेला ऊस त्याहून लवकर बिघडतो. यंत्राने तोडलेल्या उसाचे तुकडे होतात, म्हणजे कापलेली टोके वाढतात, आणि तितकी बिघाडाची दारेही वाढतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे जाणकार सांगतात, ते याचसाठी.

एका दशांशाची किंमत

उताऱ्यात ०.१ टक्का फरक पडला तर काय मोठे बिघडले, असे कोणाला वाटेल. हिशेब करून पाहू. एक लाख टन गाळपावर ०.१ टक्का म्हणजे १००० क्विंटल साखर, पन्नास किलोची २००० पोती.

आता दराकडे या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपल्या बोलण्यातली एफआरपी, ठरविला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ, आणि खाली तितकीच घट. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर पुढे कपात नाही. टनाला हा फरक ३४ रुपये ६० पैसे होतो. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे यात ३४६० रुपये येतात किंवा जातात.

यात एक मेख आहे. वजनातली घट ज्याची त्याला सोसावी लागते, पण उतारा सर्वांचा मिळून एकच धरला जातो. म्हणून एकाच्या फडात दोन दिवस पडून राहिलेल्या मोळ्यांचा भुर्दंड ताजा ऊस पाठविणाऱ्यालाही बसतो. तोडणी-वाहतुकीचा खर्चही सरासरीनेच सर्वांच्या बिलातून वजा होतो. वाहन दिवसभर रांगेत उभे राहिले, फेऱ्या कमी झाल्या, की तो बोजाही अखेर आपल्याच अंगावर येतो.

तास कुठे जातात?

तोड ते गव्हाण या वाटेचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा फडातला. वाहनाची खात्री नसताना टोळी पुढची तोड करून ठेवते. संध्याकाळी वाहन येत नाही, मोळ्या रात्रभर तशाच, दुसऱ्या दिवशी निम्मा माल भरला जातो. ज्या फडाला धड वाट नाही तिथे हे हमखास घडते.

दुसरा टप्पा रस्त्यातला. बैलगाडी जवळच्या पल्ल्याची, बहुधा त्याच दिवशी काट्यावर येते. लांबच्या गटातील ट्रक आणि ट्रॅक्टर मात्र ट्रॉली पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. भरायला दोन दिवस लागले तर तळातल्या मोळ्या दोन दिवसांच्या शिळ्या झालेल्या असतात.

तिसरा टप्पा केन यार्डातला. मिल काही तास बंद पडली आणि फडावर निरोप गेला नाही, तर तोड चालूच राहते आणि यार्डात वाहनांची रीघ लागते. मिल पुन्हा सुरू झाली तरी ती रीघ ओसरायला वेळ लागतो. म्हणून मिल थांबल्याचा निरोप शेतकी खात्याकडून गटऑफिसला आणि तिथून मुकादमाला ताबडतोब जाणे हे गाळपाइतकेच महत्त्वाचे काम आहे. आज प्रत्येक मुकादमाच्या खिशात मोबाईल आहे. निरोपाला उशीर व्हायचे कारण उरलेले नाही.

क्रमपाळी कशासाठी?

क्रमपाळी ही कोणाच्या मर्जीची गोष्ट नाही. लागणीची तारीख, उसाची जात आणि पक्वता या तीन गोष्टींवर ती बसवावी लागते. को.सी. ६७१ किंवा को. ९४०१२ यांसारख्या लवकर पक्व होणाऱ्या जाती आणि खोडवा हे हंगामाच्या पूर्वार्धात घेणे फायद्याचे. को. ८६०३२ आणि फुले २६५ या मध्यम उशिरा पक्व होणाऱ्या जाती; त्यांची घाई केली तर उतारा मिळत नाही. पक्वता पाहण्यासाठी आमचे कर्मचारी हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतात. बुडाकडच्या आणि शेंड्याकडच्या कांड्यांचे ब्रिक्स जवळजवळ सारखे आले की ऊस तयार झाला असे समजावे.

आता खरी अडचण सांगतो. एक तोड क्रम सोडून घेतली की मागे असलेल्यांपैकी कोणाची तरी तोड तितकी पुढे ढकलली जाते. ज्याची ओळख नाही, ज्याचा ऊस जेमतेम एकरभर आहे, असाच माणूस बहुधा मागे राहतो. त्याच्या उसाला तुरा येतो, कांड्या पोकळ पडतात, वजन जाते, आणि पुढच्या पिकासाठी रान मोकळे व्हायला उशीर होतो तो वेगळाच.

जळिताचेही तसेच आहे. अपघाताने जळालेला ऊस लवकर बिघडतो, म्हणून त्याला आधी तोड देणे भागच आहे. पण क्रम मिळविण्यासाठी किंवा टोळीच्या सोयीसाठी कोणी फड पेटवून दिला, तर त्याने शेजाऱ्याची पाळी हिसकावली आणि सर्वांच्या उताऱ्यालाही काडी लावली असेच म्हणावे लागेल. टोळीला 'खुशाली' आणि ड्रायव्हरला 'एंट्री' देऊन ऊस पुढे काढण्याने हेच घडते. आज एकाने दिले की उद्या सर्वांना द्यावे लागते.

ऑस्ट्रेलियातील अनुभव

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियात तोडणी यंत्राने होते आणि पुष्कळसा ऊस दोन फुटी रुळांच्या छोट्या आगगाड्यांनी कारखान्यात येतो. तिथे प्रत्येकाचा ऊस हंगामभर थोडाथोडा, सारख्या प्रमाणात तोडायचा, म्हणजे कोणावर अन्याय नको, असा रिवाज होता. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मॅकाय आणि इतर भागांत, कोणता प्लॉट कोणत्या सुमारास तोडला तर एकूण साखर वाढेल याचे गणित संगणकावर मांडले. तोडणी, वाहतूक आणि गाळप ही तीन वेगळी खाती न मानता एकच साखळी मानायची, ही त्यामागची दृष्टी.

त्या कामातून आपण घ्यावा असा धडा असा की गणिताने तारखा निघतात, पण त्या पाळल्या जायच्या तर शेतकरी, तोडणीवाला, वाहतूकदार आणि कारखाना यांनी एकत्र बसावे लागते. ज्याला यादी दिसत नाही त्याचा यादीवर भरवसा बसत नाही. आपला कारखाना तर सभासदांचाच. आपल्याला हे परक्यापेक्षा सोपे जायला हवे.

सभासदांनी काय करावे?

१) लागणीची नोंद खऱ्या तारखेने आणि खऱ्या क्षेत्राने करावी. तारीख मागे दाखवून क्रम मिळतो, पण उसात साखर भरत नाही.
२) तोडीपूर्वी जमिनीच्या मगदुराप्रमाणे साधारण पंधरा दिवस पाणी तोडावे.
३) फडापर्यंत वाहन येईल अशी वाट आधीच करून ठेवावी.
४) ऊस जमिनीलगत तोडून घ्यावा. बुडाच्या कांड्यांतच साखर अधिक असते. वाढे, पाचट आणि पांगशा मोळीत जाऊ देऊ नयेत.
५) पुढची तोड करण्यापूर्वी वाहन कुठे आहे हे मुकादमाला विचारावे.
६) खुशाली मागितल्यास देऊ नये, टोळीचा आणि वाहनाचा नंबर लिहून गटऑफिसात तक्रार द्यावी.
७) वजनाची पावती जपून ठेवावी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळण्याचा आपला हक्क आहे. पावती हाच त्याचा पुरावा.

आमच्याकडून काय मागावे?

जबाबदारी एकट्या सभासदाची नाही. गटाची क्रमपाळी भिंतीवर लावलेली असावी, दर आठवड्याला पुढे सरकलेली दिसावी. क्रम सोडून तोड दिली असेल तर त्याचे कारण त्याच यादीत नावापुढे लिहिलेले असावे. यार्डात आधी आलेले वाहन आधी खाली व्हावे. तोडीची वेळ चिठ्ठीवर आणि काट्यावरची वेळ पावतीवर असावी, म्हणजे मध्ये किती तास गेले ते कोणालाही वजाबाकी करून कळेल. या चार गोष्टी मागणे हा आपला हक्क आहे, आणि त्या पुरविणे हे आम्हा शेतकी खात्याचे काम आहे.

तेव्हा येत्या आठवड्यात गटऑफिसात एक चक्कर जरूर टाकावी. यादीत आपला नंबर, जात, क्षेत्र आणि लागणीची तारीख स्वतः वाचून पाहावी. चूक दिसली तर तिथेच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आणि ऊस काट्यावर गेला की चिठ्ठी आणि पावती शेजारी ठेवून मधले तास मोजायला विसरू नये.