संगणकाची विक्री आणि एका स्त्रीचे नेतृत्व

विक्रय म्हणजे वाक्चातुर्य, असा आपला समज असतो. संगणकाच्या बाबतीत तो अपुरा आहे. तेथे गिऱ्हाइकाचे काम आधी समजून घ्यावे लागते आणि यंत्र बसविल्यावरही जबाबदारी सुटत नाही. श्रीमती नीलम धवन १९८२ साली दिल्ली विद्यापीठातून व्यवस्थापनशास्त्र शिकून बाहेर पडल्या, तेव्हा विक्रीच्या फिरतीवर स्त्री नेमण्यास काही नामांकित कंपन्या तयार नव्हत्या. १९७६ साली स्थापन झालेल्या एचसीएल या संगणक-कंपनीने त्यांना घेतले. पुढे २००५ साली त्या मायक्रोसॉफ्टच्या आणि २००८ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या भारतीय शाखेच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. आपली कन्या विक्रीचे काम पत्करू म्हणाली, तर नकार देण्यापूर्वी आईबापांनी हे स्मरावे.