शीर्षक जाड केलं, पण शीर्षक झालंच नाही

आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर दिवाळी अंकांची यादी चढवायचं काम गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. चिटणीसकाका शेजारी खुर्ची ओढून बसले. "वरचं नाव जरा ऐसपैस येऊ द्या हो, अक्षरं फार दाटीवाटीने बसल्यासारखी वाटतायत." एडिटरमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची एक पट्टी होती. ती मी थोडी उजवीकडे सरकवली, तर 'दिवाळी' या शब्दाची शिरोरेषा मधेमधे तुटली आणि तिन्ही अक्षरं आपापली टोपी घालून वेगवेगळी उभी राहिली. काका म्हणाले, "हे काय, दात पडल्यासारखं?"

हाताने लिहिताना आपण शब्द पुरा करतो आणि मग त्याच्या डोक्यावरून एक सलग रेघ ओढतो. फॉन्टमध्ये अशी सलग रेघ कुठेच नसते. प्रत्येक अक्षराच्या आकृतीत त्याच्या वाट्याचा तुकडा असतो. शेजारच्या अक्षराला तो इतका बेमालूम भिडतो की डोळ्याला जोड कळत नाही. अंतर वाढवलं की हे तुकडे एकमेकांपासून सुटतात. रोमन छापील अक्षरं मुळातच सुटी असल्याने तिथे ही पट्टी शोभून दिसते. पट्टी करणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपली लिपी नव्हती, एवढाच याचा अर्थ. पट्टी शून्यावर आणली आणि अक्षरं मोठी केली, तेव्हा काकांचं समाधान झालं.

लिहिताना जसं दिसतं तसंच शेवटी मिळेल, असं वचन देणारे हे एडिटर. संगणकवाले याला 'विझीविग' म्हणतात. या कल्पनेचा पहिला नामांकित अवतार म्हणजे १९७४ मधला 'ब्राव्हो'. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी तो आल्टो नावाच्या संगणकासाठी घडवला. आल्टोचा पडदा कागदासारखा उभा होता. त्याआधी मजकुरात सांकेतिक खुणा टाइप करायच्या आणि जाड अक्षर खरंच जाड आलं का, हे छपाई झाल्यावर पाहायचं, अशी रीत होती.

ब्राव्होची एक खोड प्रसिद्ध आहे. त्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची वेगळी. आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून कुणी सरळ 'एडिट' हा शब्द टाइप केला, तर 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने लिहिण्याची अवस्था सुरू होई आणि 'टी' हे अक्षर उमटे. दिवसभराच्या कामाच्या जागी पडद्यावर एकटा 'टी'! त्याच केंद्रातल्या लॅरी टेस्लर यांना असल्या अवस्थांचा इतका तिटकारा होता की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' लिहिलेलं असे. टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी 'जिप्सी' हा एडिटर केला. कट, कॉपी आणि पेस्ट आपल्या बोटांना ज्या रूपात ठाऊक आहे, ते तिथून आलं.

वेबचा जन्म या वाटेवरच झाला होता, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला, तोच एडिटरही होता. वाचता वाचता तिथेच लिहावं, असा त्यांचा बेत. पुढे जे ब्राउझर घरोघरी गेले ते नुसते वाचायचे, आणि पानं लिहिणाऱ्यांना कोनदार कंसांतल्या खुणा हाताने टाइप कराव्या लागल्या. मग फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर असे स्वतंत्र एडिटर आले. २००० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ने पानाचा एखादा भाग ब्राउझरमध्येच लिहिता येईल अशी सोय केली. पानावर दिसणाऱ्या लिहायच्या चौकटींचा उगम मुख्यतः त्या सोयीत आहे. गंमत म्हणजे एंटर दाबल्यावर नेमकं काय करायचं, यावर ब्राउझरांचं वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. एक्स्प्लोरर नवा परिच्छेद सुरू करी, फायरफॉक्स नुसती ओळ तोडी, क्रोम एक रिकामा चौकोन आणून ठेवी. तिन्हीकडे पडद्यावर दिसायचं जवळपास सारखंच.

आणि नेमकी इथेच मेख आहे. कागदावर जे दिसतं तेच सर्वस्व असतं. वेबपानावर दिसण्याच्या खाली आणखी एक थर असतो, आणि हा मजकूर काय आहे ते त्या थरात लिहिलेलं असतं. एखादी ओळ निवडून आपण तिचा आकार २४ केला आणि 'बी' दाबलं, तर खाली नोंद होते ती एवढीच, की ही ओळ मोठी आणि जाड दाखवा. तीच ओळ निवडून यादीतून 'शीर्षक २' घेतलं, तर नोंद होते की हे दुसऱ्या पातळीचं शीर्षक आहे. ते किती मोठं, कुठल्या रंगाचं, हे वेगळ्या ठिकाणी ठरतं. ही फारकत व्हावी म्हणून होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएस या, पानाचं दिसणं सांगणाऱ्या भाषेचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण झाली. एडिटरच्या पट्टीवर मात्र दोन्ही बटणं अजून शेजारी शेजारी नांदतात आणि आपला हात सवयीने 'बी'कडेच जातो.

या गोंधळाचं टोक मराठी माणसाने अनुभवलेलं आहे. युनिकोड रुळण्याआधी कृतिदेवसारख्या फॉन्टांत आपण 'मराठी' असं टाइप करायचो, तेव्हा फाइलमध्ये साठत असे 'ई, जे, के, बी, एच' ही पाच इंग्रजी अक्षरं. त्यांवर फॉन्टचं कातडं चढवलं की ती मराठी दिसत. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला तीच पाच अक्षरं अर्थहीन दिसत. मराठीपण सगळं दिसण्यात होतं, असण्यात नव्हतंच. अशा मजकुरावर चुकून दुसरा फॉन्ट लावला की पानभर लेखाचा बोऱ्या वाजे. युनिकोडमध्ये 'म' हा 'म' म्हणूनच साठतो, फॉन्ट कुठलाही असो.

तरीही भाषा सांगावीच लागते. पानाच्या मुळाशी 'एमआर' अशी मराठीची खूण घालता येते. ती घातल्याने एक लोभस गोष्ट होते. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ल पाकळीचा आणि श देठाचा लिहावा असं सांगितलं. काही फॉन्टांमध्ये हिंदी वळणाचे ल-श आणि मराठी वळणाचे ल-श असे दोन्ही जोड असतात. 'एमआर' दिसलं की तो फॉन्ट आपण होऊन मराठी जोड काढतो. बहुतेक एडिटरांत यासाठी बटण नाही, खालच्या थरात शिरून लिहावं लागतं. मी ते केलं, तेव्हा 'शालेय'मधली दोन्ही अक्षरं एका क्षणात बदलली. काकांना ते चष्मा पुसून दाखवावं लागलं, पण मग ते चांगलेच खूश झाले.

तिरप्या अक्षरांबद्दल माझं मत कडवट आहे. देवनागरीत इटालिकची परंपरा नाही, त्यामुळे 'आय' दाबल्यावर बहुधा सरळ अक्षरंच ब्राउझर एका बाजूला कलंडवतो. फॉन्टात जाड रूप नसेल तर तो तेही स्वतःच घडवतो, म्हणजे रेघांवर आणखी शाई चढवतो. मग 'ष्ट' आणि 'द्ध' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. लेखाचं नाव वेगळं दाखवायला तिरपी अक्षरं कशाला, अवतरणचिन्हं पुरतात.

यादी चढवून चार दिवस झाले असतील. आमच्या एका दृष्टिहीन सभासदांचा फोन आला. ते एनव्हीडीए वापरतात. पडदा वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलं, आणि तसाच दृष्टिहीन जेम्स तेह त्याला पुढे येऊन मिळाला. "यादी छान आहे हो," ते म्हणाले, "पण मला वरपासून सगळी ऐकावी लागते. एच दाबतो, तर पानावर शीर्षकच नाही म्हणतो." एच दाबलं की एनव्हीडीए पुढच्या शीर्षकावर उडी मारतं. 'विनोदी', 'स्त्रियांसाठी', 'बालकुमार' अशी सहा शीर्षकं मी केली होती, सगळी ठसठशीत, गडद निळी. पण केली होती ती 'बी' दाबून.

मी एकेक ओळ निवडून 'शीर्षक २' केली. दहा मिनिटांचं काम. रंग आणि आकार पूर्वीसारखेच ठेवले, त्यामुळे पान होतं तसंच दिसत राहिलं. काकांनी वर-खाली सरकवून पाहिलं आणि विचारलं, "मग बदललं काय?"

संध्याकाळी पुन्हा फोन. "आता मस्त. चार वेळा एच दाबलं की थेट बालकुमार. पण काय हो, यंदाचा 'किशोर' कुठे आहे त्यात?"

तो यादीत घालायचाच राहिला होता.