वाढत्या घराचा वास्तुकार

पुण्यात जन्म घेऊन ज्यांनी जगभर कीर्ती मिळवली, परंतु ज्यांच्या कर्तृत्वात वाटा मागावयास पुण्याला थोडा संकोच वाटावा, अशा माणसांत बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांची गणना करावी लागेल. २०१८ साली स्थापत्यक्षेत्रात सर्वश्रेष्ठ मानले जाणारे प्रिट्झकर पारितोषिक त्यांना मिळाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘अहमदाबादचे दोशी’ असा त्यांचा उल्लेख केला, आणि तो यथार्थच होता. कारण सत्तावीस वर्षांचा हा तरुण १९५४ साली त्या नगरीत जो मुक्कामास गेला, तो २४ जानेवारी २०२३ रोजी देह ठेवीपर्यंत तेथलाच होऊन राहिला. मग पुण्याच्या वाट्याला काय उरते? माझ्या मते बरेच काही उरते, आणि ते केवळ जन्मस्थानाच्या अभिमानापुरते नाही.

दोशींचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ चा. आई त्यांच्या जन्मानंतर वर्षभराच्या आतच वारली, आणि बाळपण आजोबांच्या भरल्या एकत्र कुटुंबात गेले. कुटुंब गुजराती वैष्णव. धंदा लाकडी सामानाचा, आणि तोही दोन पिढ्यांचा. ज्या मुलाने अक्षरांच्या बरोबरीने करवत, रंधा आणि पटाशी पाहिली, ज्याला सागवानाचा वास शाळेच्या फळ्याइतकाच परिचित होता, त्याच्या ठिकाणी प्रमाणाची जाण लौकर आली असल्यास नवल नाही. चित्रकलेची आवड होतीच. शाळेतल्या एका शिक्षकाने त्याला स्थापत्याची दिशा दाखविली. तथापि या सगळ्याहून मोठा संस्कार त्या घराचाच झाला असावा. दोशी उत्तरायुष्यात त्या घराची आठवण वारंवार सांगत : कुटुंब वाढे तसे घर वाढे, गरज पडे तशी खोली निघे, मजल्यावर मजला चढे, आणि तरीही ते कधी ‘अपुरे’ दिसत नसे.

जुन्या पुण्यात वाढलेल्या वाचकाला यात अपूर्व असे काही वाटणार नाही. वाड्याचे माप आपल्याकडे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर तो खण. ओसरी पाच खणी, माजघर तीन खणी, असा हिशेब. म्हणजे घराचा मूळ घटक खोली नसून खांब-तुळईचा सांगाडा होय, आणि तो सांगाडा सुताराने उभा करावयाचा, गवंड्याने मागाहून भरावयाचा. असे घर एक खण पुढे सरकविता येते, चौकाच्या चौथ्या बाजूला दहा वर्षांनी सोपा काढता येतो, भावाभावांत वाटणी झाली की मधल्या खणात कूड घालून दोन चुली मांडता येतात. दोशींचे घर शास्त्रशुद्ध अर्थाने वाडा होते की नव्हते, हा प्रश्न मला गौण वाटतो. घर ही पुरी करून टाकण्याची वस्तू नसून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहणारी क्रिया आहे, हे ज्ञान त्यांना कोणत्याही विद्यापीठात शिरण्यापूर्वीच मिळालेले होते.

विद्यापीठाशी म्हणावा तर त्यांचा संबंध बेताचाच. १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत स्थापत्याच्या अभ्यासास आरंभ केला आणि तो पुरा होण्यापूर्वीच लंडनची बोट धरली. १९५१ साली इंग्लंडमधील हॉडस्डन येथे आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे चंदीगडच्या नव्या राजधानीची वार्ता त्यांच्या कानी आली आणि ती रचणाऱ्या ल कॉर्ब्यूझिए यांच्या पॅरिसमधील कचेरीत उमेदवारी करावी, असे त्यांच्या मनाने घेतले. स्वहस्ताक्षरातील अर्ज गेला, मंजूर झाला, आणि फ्रेंच भाषेचा गंध नसलेला हा शाकाहारी तरुण पाव, चीज आणि ऑलिव्ह यांवर निर्वाह करीत आठ महिने बिनपगारी राबला. उमेदवारी हा शब्द मी हेतुपुरस्सर योजितो. सुताराच्या कारखान्यात पोऱ्या पहिले काही महिने जे करतो, तेच दोशींनी पॅरिसात केले : उस्तादाचा हात कसा चालतो ते पाहणे, सांगितले तेवढे करणे, आणि न सांगितलेले टिपून ठेवणे.

१९५४ मध्ये कॉर्ब्यूझिए यांची अहमदाबादेतील कामे, म्हणजे गिरणीमालक संघाची इमारत, साराभाई आणि शोधन या कुटुंबांची घरे वगैरे, पुरी करून घेण्यासाठी दोशी तेथे गेले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘वास्तुशिल्प’ या नावाने त्यांचे स्वतःचे दफ्तर सुरू झाले. भारतीय विद्येच्या संशोधनमंदिराची इमारत, टागोर सभागृह, बडोद्याजवळील खतकारखान्याची वसाहत, हैदराबादेतील इलेक्ट्रॉनिक महामंडळाची वसाहत या कामांचा विस्तार येथे करीत नाही. एका प्रसंगाचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. अहमदाबादेत व्यवस्थापनशास्त्राची संस्था काढण्याचे ठरले, तेव्हा ती इमारत रचण्याची संधी दोशींच्या हाताशी आलेली असता, त्यांनी अमेरिकेतील लुई कान यांचे नाव सुचविले आणि १९६२ पासून स्वतः त्यांचे सहकारी म्हणून काम पाहिले. स्वतःच्या उमेदीच्या पस्तिसाव्या वर्षी इतके मोठे काम दुसऱ्याच्या पदरात घालणारा माणूस एक तर व्यवहारशून्य असावा किंवा शिकण्याचा लोभी. दोशी व्यवहारशून्य खचित नव्हते.

आणि त्याच १९६२ साली त्यांनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या आश्रयाने वास्तुकलेची शाळा काढली. पुढे १९७२ मध्ये तिला नगररचनेच्या शाळेची जोड मिळाली, आणि या दोहोंच्या विस्तारातून आजचे सेप्ट विद्यापीठ उभे राहिले. इतर वास्तुकारांच्या चरित्रात अध्यापन हे परिशिष्ट असते. दोशींच्या चरित्रात ते मूळ ग्रंथ आहे, असे माझे मत आहे. शाळेची इमारत त्यांचीच; १९६६ च्या सुमारास आरंभिलेली आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ, त्या आजोबांच्या घराप्रमाणेच, वाढत राहिलेली. विटांच्या समांतर भिंती, त्यांवर उघडे काँक्रीट, उत्तरेचा शांत उजेड आत घेणारी तिरकी छपरे, आणि खाली भरपूर मोकळी, सावलीची, वारा खेळणारी जागा. या इमारतीला दर्शनी बाजू अशी जवळजवळ नाहीच. वर्गाचे दार कोठे आणि जिन्याचा कट्टा कोठे, याचा नीट निवाडा होत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे काम जाता-येता पाहतो आणि नकळत शिकतो. आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांच्या इमारती पाहिल्या म्हणजे त्या शिक्षणासाठी आहेत की मामलेदार कचेरीसाठी, असा भ्रम पडतो. तो येथे क्षणभरही पडत नाही.

घर वाढते ठेवण्याचा तो पुणेरी धडा सर्वांत मोठ्या प्रमाणावर वठला तो इंदूरच्या अरण्य वसाहतीत. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी दोशींच्या संशोधनसंस्थेने ही वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार घरांची आणि ऐंशी हजार वस्तीची ही योजना मुख्यतः अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी होती. सरकारी घरबांधणीचा प्रघात असा की, तयार घराची किल्ली हातात द्यावयाची आणि वर एक खिळाही न ठोकण्याची अट घालावयाची. दोशींनी उलट केले. सर्वांत गरीब कुटुंबाला अवघ्या पस्तीस चौरस मीटरांचा तुकडा. त्यावर बांधलेले जोते, संडास-मोरी, पाण्याची व्यवस्था आणि फार तर एक खोली. पुढचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या मुदतीने आणि आपल्या हौसेप्रमाणे वाढवावे. नमुना म्हणून ऐंशी घरे प्रत्यक्ष बांधून दाखविली. त्यांत पुढे ओटा, बाहेरून चढणारा जिना, वर गच्ची, अशा नाना तऱ्हा होत्या, पण कोणतीही सक्तीची नव्हती. लोकांनी त्यांतून हवे ते उचलले, नको ते टाकले, कठडे रंगविले, ओट्यावर दुकाने मांडली. १९९५ साली या वसाहतीला स्थापत्याचे आगाखान पारितोषिक मिळाले. वास्तुकाराने आपल्या रेखांकनावर दुसऱ्याचा हात फिरू द्यावा, आणि त्यातच आपले यश मानावे, हा निरभिमानीपणा या व्यवसायात दुर्मिळ आहे.

त्यांचे स्वतःचे कार्यालय, ‘संगत’, १९८० च्या सुमारास झाले. अर्धवट जमिनीत रुतलेल्या लांब कमानी, त्यांवर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे अस्तर, उन्हाचा ताप परतवून लावणारे. पावसाचे पाणी छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून कुंडात उतरते. गुजराथच्या उन्हाळ्यावर एवढे साधे आणि एवढे सुंदर उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. बंगळूरच्या व्यवस्थापनसंस्थेत त्यांनी करड्या पाषाणाच्या भिंती, चौक आणि वेलींनी छायांकित झालेल्या लांब पडव्या यांची अशी गुंफण केली की, तेथे वर्गाइतकेच वर्गाकडे जाणेही सुखाचे व्हावे. मराठी वाचकाला कौतुक वाटेल असा एक योग मध्येच सांगतो : अहमदाबादेतील भूमिगत चित्रगुहा दोशींनी मकबूल फिदा हुसेन यांच्यासाठी रचली, आणि हुसेन जन्माने पंढरपूरचे. पंढरपूरचा चितारी आणि पुण्याचा वास्तुकार यांनी साबरमतीकाठी कासवाच्या पाठीसारखे घुमट उभे करावेत, यावर अधिक भाष्य नको.

सर्वच इमारती सारख्या उतरल्या, असे म्हणणे मात्र भाटगिरी होईल. भद्र किल्ल्यासमोरचे प्रेमाभाई सभागृह मला अवजड वाटते. शेजारच्या जुन्या नगराशी संवाद करण्याऐवजी ते दटावून बोलते, आणि अनेक वर्षे ते बंदच पडून राहिले. मोठ्या सार्वजनिक सभागृहांपेक्षा जेथे माणसे रोज राहतात, शिकतात, ये-जा करतात, अशा ठिकाणी दोशींची प्रतिभा अधिक मोकळी होई.

पुण्याने एक वास्तुकार-शिक्षक अहमदाबादला दिला. अहमदाबादने त्याची परतफेड केली, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९४२ साली जन्मलेले ख्रिस्तोफर बेनिंजर हे हार्वर्डमध्ये जोसेप लुईस सर्ट यांचे शिष्य. हॉडस्डनच्या ज्या परिषदेने दोशींचा मार्ग बदलला, त्या परिषदसंस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष हेच सर्ट होत. अध्यापन सोडून बेनिंजर १९७१ मध्ये अहमदाबादेस आले, नगररचनेच्या शाळेच्या स्थापनेत दोशींच्या बरोबरीने राबले, आणि १९७६ साली पुण्यास येऊन त्यांनी विकासविषयक अभ्यासाचे केंद्र काढले. बावधनच्या बाजूला त्या केंद्राच्या ठेंगण्या, दगडी, चौकाभोवतालच्या इमारती, मुळशीच्या वाटेवरील डोंगरमाथ्यावर १९९७ साली सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज, हडपसरचे सुझलॉन कंपनीचे मुख्यालय ही त्यांची कामे. सह्याद्रीचा काळा पाषाण परदेशातून आलेल्या या माणसाने ज्या ममतेने वापरला, ती ममता आपल्या काचेच्या हव्यासात बुडालेल्या स्वदेशी मंडळींनी पाहावी. पुण्यातच त्यांनी जवळजवळ अर्धे शतक काढले आणि येथेच २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. या दोघांतही दफ्तर आणि शाळा यांमध्ये भिंत नव्हती, हे साम्य योगायोगाचे म्हणता येणार नाही.

दोशींना १९७६ मध्ये पद्मश्री, २०२० मध्ये पद्मभूषण आणि मृत्यूनंतर पद्मविभूषण मिळाले. ब्रिटिश वास्तुकारांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक २०२२ मध्ये आले. २६ ऑगस्ट २०२७ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पुरी होतील. पुण्यात त्या निमित्ताने सभा होतील, हारतुरे होतील. ते अवश्य व्हावेत. परंतु पेठांतून ज्यांच्या मालकीचा अजून एखादा वाडा उभा आहे, आणि ज्यांचा विकसकाशी करारनामाही होऊन चुकला आहे, त्यांच्याशी भांडण न मांडता मी एवढीच विनंती करतो : हातोडा पडण्यापूर्वी जवळच्या वास्तुकला महाविद्यालयास एक पत्र धाडा, आणि चार विद्यार्थ्यांना टेप, कागद आणि पेन्सिल घेऊन तुमच्या वाड्याचे खण मोजण्यासाठी आठ दिवस आत येऊ द्या.