पासवर्ड बरोबर होता

मामांच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून एंटर दाबलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा, आतल्या पंख्याचा आवाज किंचित चढायचा आणि पुन्हा लॉगिनची तीच चौकट समोर यायची. काय चुकलं ते एका शब्दानेही कळायचं नाही. मामा म्हणाले, "अगं, पासवर्ड मी बदललेलाच नाही. दोन वर्षं कॉम्प्युटर बंद होता ना, तोच विसरला असेल."

८० जीबीची हार्ड डिस्क, काळा टॉवर, त्यावर कुणीतरी घालून दिलेलं उबुंटू लिनक्स. आत मामांनी वर्षानुवर्षं भरलेली पावसाची वही होती, म्हणजे एक स्प्रेडशीट. गावात रोज किती मिलिमीटर पडला, ते रोजच्या रोज. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सगळ्यात आधी कीबोर्डची शंका घेतली. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, कुठलं बटण दाबलं तेवढं पाठवतो. त्या बटणाला कोणतं अक्षर म्हणायचं हे आतला तक्ता ठरवतो. मामा मराठी टाइप करायचे. लॉगिनच्या वेळी इनस्क्रिप्टचा तक्ता लागलेला राहिला, तर के दाबल्यावर क उमटतो, जे दाबल्यावर र, आणि पडद्यावर दोन्हींचे सारखेच ठिपके दिसतात. ब्रिटिश तक्ता लागला असेल तर ॲट-चिन्हाच्या जागी अवतरणचिन्ह येतं. म्हणून, आसपास कुणी परकं नाही हे पाहून, पासवर्ड आधी नावाच्या चौकटीत टाइप करून बघावा. तिथे अक्षरं उघडी दिसतात. आमची अक्षरं बरोबर होती.

मग मी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. या वेळी पडदा काळा झाला नाही. कॉम्प्युटर सुमारे दोन सेकंद थांबला आणि मग पासवर्ड चुकल्याचं त्याने सांगितलं. ते दोन सेकंद विचारात गेले असं वाटतं, पण तसं नसतं. लिनक्समध्ये तो विलंब जाणूनबुजून ठेवलेला आहे, एकामागून एक हजारो पासवर्ड लावून बघणाऱ्याचा वेग मोडावा म्हणून. आपला निरोप याच दोन सेकंदांत होता: मामांच्या पासवर्डला ही शिक्षा होत नव्हती, म्हणजे तो बरोबर होता. दारातून आत घेऊन कुणीतरी ओसरीवरूनच परत पाठवत होतं.

इथे थोडं थांबायलाच हवं. पासवर्ड बरोबर आहे हे कॉम्प्युटरला कळलं कसं? मामा म्हणाले तसा तो विसरू शकत नव्हता, कारण पासवर्ड त्याला मुळात कधी माहीतच नव्हता. तो त्या यंत्रात कुठेही लिहिलेला नसतो.

सुरुवातीला लिहिलेला असे. १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस नावाची व्यवस्था उभारली. एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांनी एका वेळी वापरायचा, म्हणून ज्याच्या त्याच्या कामाला कुलूप हवं, म्हणून पासवर्ड. ते सगळे एका फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवलेले होते. दशकाच्या मध्याला एकदा दोघेजण एकाच वेळी दोन फाइलींवर काम करत होते, एक पासवर्डांची आणि दुसरी लॉगिन करताच सर्वांना दिसणाऱ्या सूचनेची. संपादनाच्या प्रोग्रॅमने दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरली आणि अदलाबदल झाली. त्यानंतर जो लॉगिन करेल त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

यूनिक्स नावाची व्यवस्था बनवणाऱ्यांनी याला दिलेलं उत्तर मला आजही थक्क करतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये ते एका लेखात मांडलं. पासवर्ड गुप्त लिपीत लपवून ठेवायचा नाही, त्याचीच किल्ली करायची. एका ओळीत नुसती शून्यं घ्यायची, त्या किल्लीने ती घुसळायची, आलेलं पुन्हा घुसळायचं, असं २५ वेळा. शेवटी जो चोथा उरतो तो जपून ठेवायचा. पुढच्या वेळी माणूस आला की त्याने टाकलेल्या शब्दाने तीच शून्यं तशीच घुसळायची आणि चोथा जुळतो का पाहायचं. चोथ्यावरून उसाकडे जाता येत नाही. शिवाय दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच निघाला तरी चोथा वेगळा दिसावा, म्हणून प्रत्येकाच्या घुसळणीत चिमूटभर वेगळं 'मीठ' टाकायचं. मीठ हा त्यांचाच शब्द. तेव्हा ते ४०९६ तऱ्हांचं होतं. मामांच्या कॉम्प्युटरवर हीच कल्पना पुढे वाढलेल्या रूपात आहे: घुसळणीच्या ५००० फेऱ्या आणि शेवटी ८६ अक्षरांची एक ओळ. पासवर्डमधलं एक अक्षर लहानाचं मोठं करा, ती सगळी ओळच ओळखू येणार नाही इतकी बदलते.

खुद्द थॉम्प्सन यांचा जुना चोथा यूनिक्सच्या एका जुन्या सोर्स कोडमध्ये पडून राहिला होता. २०१९ मध्ये एकाने तो सोडवला, शक्यता एकेक करून लावून बघत. त्या वेळच्या ताकदवान ग्राफिक्स कार्डालाही त्याला चार दिवसांहून अधिक लागले. आत आठच अक्षरं निघाली आणि त्यांत होती बुद्धिबळाची एक खेळी: वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. चाळीस वर्षं ती खेळी पटावर तशीच उभी होती.

तर मामांचा चोथा जुळत होता. मग ओसरीवर काय बिघडत होतं?

लिनक्समध्ये चित्रांचा दरवाजा अडला की मजकुराचा दरवाजा उघडा असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलं जातं. इथे पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं की कीबोर्डच मेला. बिनधास्त टाइप करत राहायचं. आम्ही आत गेलो. डिस्कवर जागा किती आहे ते विचारलं. उत्तर आलं: वापर १००%.

पासवर्ड जुळल्यावर डेस्कटॉप उभा राहण्याआधी कॉम्प्युटर मामांच्या फोल्डरमध्ये एक इवलीशी फाइल लिहितो. तिच्यात १२८ बिटांचा एक यादृच्छिक आकडा असतो, सिनेमाच्या तिकिटाच्या अर्धुकासारखा. पुढे प्रत्येक खिडकी, प्रत्येक प्रोग्रॅम तो दाखवतो, तेव्हा कुठे त्याला पडद्यावर चित्र काढायची परवानगी मिळते. डिस्कवर तेवढीही जागा नव्हती. तिकीट लिहिता आलं नाही, खेळ सुरू व्हायच्या आत संपला आणि आपण पुन्हा दारात.

आता प्रश्न पडतो: डिस्क पूर्ण भरलेली असताना कॉम्प्युटर सुरू तरी कसा झाला? लिनक्सची नेहमीची फाइल-व्यवस्था आखतानाच ५% जागा बाजूला काढून ठेवते, फक्त व्यवस्थापकासाठी. ८० जीबीवर ही सुमारे ४ जीबी झाली. मामांच्या दृष्टीने घर काठोकाठ भरलेलं, पण दुरुस्ती करणाऱ्याला उभं राहायला एक कोपरा मोकळा. हा कोपरा ज्यांनी विचार करून ठेवला, त्यांच्याविषयी मला त्या दिवशी मनापासून कृतज्ञता वाटली.

जागा खाल्ली होती एका नोंदवहीने, म्हणजे लॉग फाइलने. उघडून पाहिलं तर एकाच मजकुराच्या ओळी, खाली खाली जात संपतच नव्हत्या. मदरबोर्डवरच्या एका कार्डाशी बोलताना बारीकशी चूक झाली, आणि ती दुरुस्त झाली. पुन्हा झाली, पुन्हा दुरुस्त झाली. प्रत्येक वेळी यंत्राने आपलं काम निभावलं होतं आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. ती फाइल आम्ही पुसली नाही, रिकामी केली. लिहिणारा प्रोग्रॅम फाइल उघडी धरून बसलेला असतो, आणि तोवर पुसलेल्या फाइलची जागा सुटत नाही. मग कॉम्प्युटर बंद करून, वीज काढून, ते कार्ड उपसलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या आणि पुन्हा घट्ट बसवलं. यावेळी पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉप आला. मामांनी पेन ड्राइव्ह हातात तयारच ठेवला होता; पावसाची वही आधी त्यावर उतरवली.

मेल मात्र उघडेना. ब्राउझर म्हणे ही साइट विश्वासाची नाही. कोपऱ्यातली तारीख पाहिली: १ जानेवारी २००९. प्रत्येक सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. आज २००९ असेल तर आताचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. कित्येक कचेऱ्यांत तर लॉगिनच घड्याळावर चालतं: कर्बेरॉस नावाच्या पद्धतीत दोन यंत्रांच्या घड्याळांत सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

वीज गेली तरी कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवते मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२. तिचं मापच तिच्या नावात आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ती ज्याला जगवते तो क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा निवडून घेतलेला आहे. त्याचं अर्धं करा, त्याचंही अर्धं करा, असं पंधरा वेळा केलं की बरोबर एक उरतो, एक सेकंद. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हेच पंधरा वेळा अर्धं करणं चालू असतं. मामांच्या बॅटरीतले तीन व्होल्ट केव्हाच आटले होते.

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे नवी मिळाली. चिमट्याने जुनी उचलली, अधिक चिन्ह वर ठेवून नवी दाबली, टक् असा आवाज आला. तारीख-वेळ लावली, मेल उघडली. रात्री मामांनी कॉम्प्युटर बंद करून भिंतीवरचं बटणही घालवलं. सकाळी चालू केला तेव्हा कोपऱ्यात ७:१२ झाले होते, आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळातही तेवढेच.