चिखल कुठे गेला?

गोंदिया जिल्ह्यात बोअर मारणारा माणूस वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग पाहतो, मशीनचा आवाज ऐकतो. टणक दगडात सावकाश चाललेला बिट, म्हणजे खोदणारे टोक, एकदम भसकन खाली गेला की भेग लागली. पाण्याची आशा वाढते. नैसर्गिक वायूची आशा मात्र इथे जवळजवळ नाहीच. जिल्ह्यातल्या आमगावचे नाव ज्या खडकाला मिळाले तो ‘आमगाव नाइस’ हा टणक स्फटिकी खडक 200 कोटी वर्षांहून जुना आहे. वायू साचायला सच्छिद्र गाळाचा खडक हवा, वर घट्ट झाकण हवे. महाराष्ट्राला तो योग समुद्रात सापडला.

फेब्रुवारी 1974 मध्ये ओएनजीसीच्या ‘सागर सम्राट’ या रिगला समुद्रातल्या मुंबई हायमध्ये तेल लागले. 1976 मध्ये बसीनचे मोठे वायुक्षेत्र मिळाले. दोन्हीकडे साठा मुख्यतः चुनखडकात आहे, आणि चुनखडक खोदणाऱ्याची परीक्षा पाहतो.

खोदताना नळातून ‘मड’ म्हणजे जड चिखल खाली सोडतात. तो बिट थंड ठेवतो, चुरा घेऊन वर टाकीत परततो आणि आपल्या वजनाने खडकातला वायू दाबून धरतो. आता टाकीतला चिखल अचानक घटू लागला तर? खाली पोकळी किंवा भेगा आहेत. वैताग खराच, कारण हा चिखल महागडा असतो. पण वायू राहू शकेल अशी जागाही बहुधा तीच. नळ विहिरीच्या भिंतीला चिकटून बसला तरी भूवैज्ञानिकाचे कान टवकारतात. द्रव पाझरू देणारा, कमी दाबाचा थर समोर असला की चिखलाचा दाब नळाला त्याच्यावर रेटून धरतो.

याउलट टाकीत चिखल वाढला तर तर्क लढवायला वेळ नसतो. वायू विहिरीत शिरतो आहे. पंप थांबवून बीओपी नावाची प्रचंड झडप बंद करावी लागते. नळ घाईने वर ओढला, तरी पिचकारीसारखे शोषण होऊन वायू आत येतो. 1982 मध्ये मुंबई हायवरच ‘सागर विकास’ रिगच्या विहिरीतून वायू उसळला आणि आग लागली. आंध्रातल्या पासर्लापुडीची विहीर 1995 मध्ये 65 दिवस जळत होती.

चिखलातून आलेल्या वायूचे विश्लेषणही होते. जवळजवळ नुसता मिथेन म्हणजे कोरडा वायू. इथेन, प्रोपेन आणि त्याहून जड घटक वाढले तर तेलाचा संशय. पण कोळशाचा पातळ थरही मिथेन सोडतो, त्यामुळे यंत्राचा काटा उडाला म्हणून पेढे वाटायचे नसतात. शिवाय खोल थरातला चुरा वर पोचायला तासाहून अधिक लागू शकतो. हातातला दगड नेमका किती खोलीचा, हा हिशेब चुकला तर पुढचे सगळेच चुकते.

शेवटी विहीर थोडा वेळ वाहू देतात, आलेला वायू जाळतात, मग ती बंद करून दाब मोजतात. तो पूर्वीइतका चढलाच नाही, तर ज्वाला कितीही उंच उठली असली तरी साठा लहान असण्याचीच शक्यता जास्त.