‘अनुत्तीर्ण’ आणि ‘गैरलागू’ : चाचणीच्या निकालातील एक भेद

डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधील दोष शोधण्याचे साधन. हे साधन स्वतः निर्दोष आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा चाचणीसंच असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या जीडीबी या डीबगरचा संच कंपायलरकडून लहान लहान प्रोग्रॅम तयार करवून घेतो व त्यांवर डीबगर चालवून पाहतो.

अडचण येथेच उद्भवते. कंपायलरला दिल्या जाणाऱ्या सूचना, म्हणजे ‘पर्याय’, सर्व कंपायलरांना सारख्याच ठाऊक नसतात. अनोळखी पर्यायामुळे प्रोग्रॅम तयारच झाला नाही, तर निकाल कोणता लिहावयाचा? ‘अनुत्तीर्ण’ लिहिल्यास कंपायलरची मर्यादा डीबगरच्या माथी बसते. काहीच न लिहिल्यास चाचणी झालीच नाही, ही गोष्ट झाकली जाते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न अपरिचित नाही. रावेर परिसरातील लेवा बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो : डोळा–डोया, काळा–काया. ‘ल’ व ‘ळ’ यांतील भेद तपासणाऱ्या प्रश्नापुढील जागा रिकामी राहिली, तर तिचे अर्थ तीन संभवतात : प्रश्न विचारलाच नाही, उत्तर मिळाले नाही, किंवा तो भेद त्या बोलीस लागूच नाही. तिन्हींची नोंद एकच केली, तर बोलीचे वैशिष्ट्य व सर्वेक्षकाची हयगय यांत फरक उरत नाही.

जीडीबीचा संच ज्या डेजाग्नू या चौकटीवर उभा आहे, तीत म्हणूनच उत्तीर्ण व अनुत्तीर्ण यांखेरीज ‘अनिर्णीत’, ‘अपरीक्षित’ आणि ‘असमर्थित’ असे निकाल वेगळे राखले आहेत. योग्य रीत अशी की, प्रथम एक अगदी साधा प्रोग्रॅम त्या पर्यायासह तयार करून पाहावा. तो पर्याय कंपायलरला मान्य नसेल, तर तेवढाच भाग ‘असमर्थित’ म्हणून नोंदवून पुढे जावे.

तथापि, मान्यता म्हणजे आधार नव्हे. विशिष्ट इशारा बंद करण्याचा पर्याय अनोळखी असला, तरी जीसीसी हा कंपायलर तो सहसा मुकाट्याने स्वीकारतो. क्लँग मात्र त्याविषयी इशारा देतो, आणि असा इशारा संच अपयश समजतो. यास्तव ती तक्रार बंद करणारा आणखी एक पर्याय संच स्वतःच क्लँगला देतो. शाळेत प्रमाण मराठी शिकलेला वक्ताही विचारल्यावर ‘डोळा’ म्हणून दाखवील. तेवढ्याने ‘ळ’ त्याच्या बोलीचा ध्वनी ठरत नाही.

सारांश, निकालांची बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक रिकाम्या जागेचे कारण नोंदलेले असावे. ‘अनुत्तीर्ण शून्य’ या आकड्यास त्याविना अर्थ नाही.