न संपणारा भागाकार

शेजारच्या सातवीतल्या मुलीने परवा वही माझ्यापुढे टाकली. "काका, संपतच नाही हो हे!" वर्तुळाच्या धड्यातल्या बावीसला सातने भागायला बसली होती. पूर्ण करून आणा, असे वर्गात सांगितलेले. दोन पाने भरली होती, खोडरबराने कागद फाटला होता आणि चूक आपलीच, अशी तिची खात्री. वहीत चूक एकही नव्हती. ३.१४२८५७१४२८५७... असे ते चालले होते.

"त्यातले १४२८५७ वेगळे लिही आणि दोनाने गुण," मी म्हटले. आले २८५७१४. तिनाने ४२८५७१, चाराने ५७१४२८, पाचाने ७१४२८५, सहाने ८५७१४२. तेच सहा अंक, तोच फेर. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून. "आणि साताने?" तिने स्वतःच गुणले. ९९९९९९! मघाचा रडवेला चेहरा कुठच्या कुठे गेला.

हे पाहून पुष्कळजण 'चमत्कारी आकडा' म्हणून हात जोडतात. मला ते काही पटत नाही, कारण सारे गुपित भागाकारातच उघडे पडलेले असते. सातने भागताना बाकी उरणार ती एक ते सहा यांपैकीच. शून्य उरली तर भागाकारच संपला. एकाला सातने भागत गेलो की बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि मग पुन्हा १. जुनी बाकी आली की तिच्यामागून जुनेच अंक येणार. दोनाला सातने भागणे म्हणजे त्याच फेरात मध्येच शिरणे. (हे अंक सातचे आहेत, 'पाय'चे नव्हेत. खरा 'पाय' ३.१४१५९... असा जातो आणि त्याला फेर नाही.)

तेराने भागले तर सहा-सहा अंकांचे दोन निराळे फेर निघतात. सतराचा मात्र सोळा अंकांचा एकच. सात-सतरासारख्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

इथे द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) आठवतात. देवळालीच्या शाळेतले हे शिक्षक उभा जन्म अशा आकड्यांत रमले. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. इथल्या अनेकांना त्यांचे महत्त्व कळले, ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर.

काल संध्याकाळी मुलगी पुन्हा दारात. एकाला सतराने भागून आणले होते, सोळाच्या सोळा अंक बरोबर. आता एकोणीस घेऊन बसली आहे. आई जेवायला हाका मारते आहे.